शिकारी रायफली बनवणाऱ्या जुन्या अमेरिकी कंपन्या का ढासळल्या?

रानवाट

नमस्कार. अमेरिकेतील कारखानदारीचा इतिहास वाचताना एका प्रश्नापाशी मी अडलो आहे. या विषयातले जाणकार येथे आहेत, म्हणून तो मांडतो.

विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स ही कंपनी १८६६ ची. कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथला तिचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हजारो माणसांना काम देत होता. ३१ मार्च २००६ रोजी तो बंद झाला, तेव्हा तेथे अवघे १८६ कामगार उरले होते. रेमिंग्टन तिच्याहूनही जुनी, १८१६ ची. न्यूयॉर्क राज्यातील इलियन हे गाव तिच्याच आधाराने वाढले. या कंपनीने २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरी जाहीर केली, आणि मार्च २०२४ मध्ये इलियनच्या कारखान्यालाही कुलूप लागले. १८७० साली स्थापन झालेली मार्लिन मधल्या काळात रेमिंग्टनच्या पोटात गेली आणि २०२० च्या लिलावात तिसऱ्याच कंपनीच्या हाती पडली.

मला कोडे पडते ते असे. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आज तीन कोटींच्या आसपास सांगितली जाते, म्हणजे शिकारीला जनावर कमी नाही. २०२० हे वर्ष तर बंदुकांच्या विक्रीचे विक्रमी वर्ष होते, आणि नेमक्या त्याच वर्षाच्या जुलैत रेमिंग्टन दुसऱ्यांदा न्यायालयाच्या पायऱ्या चढली. धो धो पाऊस पडत असताना विहीर आटावी, असा हा प्रकार आहे. शिकारी कमी झाले, एआर-१५ धर्तीच्या, म्हणजे लष्करी वळणाच्या अर्धस्वयंचलित रायफलींनी बाजार व्यापला आणि नव्या मालकांनी कंपन्या पोखरल्या, अशी तीन कारणे सहसा सांगितली जातात. यांपैकी मूळ कारण कोणते आणि निमित्त कोणते, यावर आपली मते वाचायला आवडतील.

ताळेबंद

प्रश्न चांगला आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. या धंद्याला दिवाळखोरी नवी नाही. रेमिंग्टन १८८६ मध्येच बुडाली होती आणि दोन वर्षांनी नव्या मालकांनी तिला विकत घेतले. विंचेस्टर पहिल्या महायुद्धानंतरच्या विस्ताराच्या ओझ्याखाली १९३१ साली कोसळली आणि काडतुसे बनवणाऱ्या ऑलिन कुटुंबाकडे गेली. तेव्हा प्रश्न कंपन्या का बुडाल्या हा नसून, पूर्वी बुडून पुन्हा उभ्या राहणाऱ्या या कंपन्यांना या वेळी उठता का आले नाही, हा आहे.

माझे उत्तर मालकीच्या स्वरूपात आहे. १९३३ ते १९९३ अशी साठ वर्षे रेमिंग्टनची सूत्रे ड्यूपॉन्टकडे होती. ड्यूपॉन्टचे मुख्य उत्पन्न रसायनांतून येत असल्याने रायफलींच्या विक्रीतील चढउतार तिला सहज पेलत. १९९३ मध्ये कंपनी एका गुंतवणूक संस्थेकडे गेली आणि २००७ मध्ये सर्बेरस या प्रायव्हेट इक्विटी, म्हणजे कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्याने विकू पाहणाऱ्या संस्थेने ती घेतली. व्यवहार सुमारे ३७ कोटी डॉलरचा होता, पण त्यात रोख रक्कम केवळ ११.८ कोटी होती आणि उरलेला भाग कंपनीच्या डोक्यावर आधीपासून असलेल्या कर्जाचा होता. एआर धर्तीच्या रायफली बनवणारी बुशमास्टर ही कंपनी सर्बेरसने आदल्याच वर्षी घेतली होती. पुढे मार्लिन आणि इतर काही नावे मिळवून या सगळ्यांची फ्रीडम ग्रुप नावाची मोट बांधण्यात आली.

आता या धंद्याची चाल पाहावी. बंदुकांवर निर्बंध येणार अशी हवा असली की गिऱ्हाईक दुकानात रांग लावते आणि भीती ओसरली की महिनोन्‌महिने फिरकत नाही. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी खरेदी तेजीत होती. निकाल लागला, निर्बंधांची भीती संपली आणि मागणी घसरली. विक्री अशी लाटांनी येते, व्याज मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला द्यावे लागते. मार्च २०१८ मध्ये सुमारे ७० कोटी डॉलरचे कर्ज कमी करून घेण्याची योजना घेऊन कंपनी न्यायालयात गेली आणि मे महिन्यात बाहेरही आली, परंतु मूळ दुखणे तसेच राहिले.

२०२० च्या सप्टेंबरमधील लिलावात जे झाले त्यातून किंमत कशाला होती ते कळते. रेमिंग्टनचे नाव आणि काडतुसांचा व्यवसाय ८ कोटी १४ लाख डॉलरला गेला. मार्लिनसाठी रूगर या प्रतिस्पर्धी कंपनीने सुमारे ३ कोटी मोजले. रेमिंग्टनच्या रायफली आणि शॉटगन बनवणारा विभाग, म्हणजे ज्याला आपण रेमिंग्टन म्हणून ओळखतो तो, १ कोटी ३० लाखांत निघाला. दोनशे वर्षांच्या कारखान्यापेक्षा त्याची पाटी आणि काडतुसे सहापट महाग ठरली!

सहाण

ताळेबंद यांनी हिशेबाची बाजू नेमकी मांडली आहे. तरीही कर्ज नसते तर या कंपन्या सुखाने नांदल्या असत्या, असे मला वाटत नाही. मी यंत्रशाळेत आयुष्य काढलेला माणूस आहे, त्यामुळे मला या कथेची सुरुवात २००७ मध्ये नव्हे तर १९४८ मध्ये दिसते.

१९३६ ची विंचेस्टर मॉडेल ७० घ्या. तिचा रिसीव्हर, म्हणजे ज्यात काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा बोल्ट मागेपुढे सरकतो तो मुख्य भाग, घडीव पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढत. मिलिंग यंत्रावर एकामागून एक कितीतरी फेऱ्या होत आणि प्रत्येक फेरीला कुशल माणूस लागे. काडतूस मॅगझिनमधून सुटल्यापासून रिकामे कवच बाहेर पडेपर्यंत ते धरून ठेवणारा लांब पोलादी पंजा जर्मन माउझर ९८ च्या धर्तीवरचा होता. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आणि त्यावरची जाळीदार नक्षी हाताने कोरलेली. मजुरी स्वस्त होती तोवर हे सगळे परवडले.

युद्धानंतर रेमिंग्टनच्या माइक वॉकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न मुळापासून सोडवला. १९४८ च्या मॉडेल ७२१ चा रिसीव्हर गोल होता, त्यामुळे तो सरळ पोलादी गजापासून लेथवर काढता येई. धक्का झेलणारा लग, म्हणजे दस्त्यात अडकणारा उंचवटा, रिसीव्हरच्या अंगातच कोरण्याऐवजी जाड वॉशरसारखी वेगळी चकती करून नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये आवळली. मोठ्या पंज्याच्या जागी बोल्टच्या तोंडात बसणारी छोटी पट्टी आली. खर्च कमी झाला आणि रायफल अधिक अचूक निघाली, कारण गोल भाग सरळ आणि एकाच मापाचा करणे सोपे असते. तिचीच सुधारलेली आवृत्ती म्हणजे १९६२ ची मॉडेल ७००, जिच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

विंचेस्टरला यावर १९६४ मध्ये उत्तर द्यावे लागले आणि तेथे ती चुकली. रेमिंग्टनने स्वस्त रायफल नव्याने आखली होती. विंचेस्टरने लोकांच्या आवडत्या रायफलीचेच अवयव काढून घेतले. पंजा गेला, हाताची नक्षी जाऊन यंत्राने दाबून उमटवलेली नक्षी आली. शिकाऱ्यांनी ही फसवणूक मानली. आजही जुन्या बाजारात चौसष्टपूर्व मॉडेल ७० हा स्वतंत्र भाव असलेला माल आहे. पुढे १९९० च्या दशकात कंपनीने पंजा परत आणला, परंतु तोवर एक पिढी दुसरीकडे वळली होती.

मात्र खरा सुरुंग या दोघींच्या पायाखाली लावला तो सॅव्हेज या आणखी एका रायफल-कंपनीने. काडतूस नळीच्या घरात किती खोल बसते याला फार महत्त्व असते. मोकळीक जास्त झाली तर कवच फाटण्याचा धोका आणि कमी झाली तर बोल्ट मिटत नाही. पूर्वी हे माप जुळवण्यासाठी अनुभवी कारागीर लागे. १९५८ च्या सॅव्हेज मॉडेल ११० मध्ये नळीवर एक मोठा नट दिला होता. घरात मापाचा गेज ठेवायचा, तो टेकेपर्यंत नळी फिरवत आणायची आणि नट आवळायचा. काम संपले! नट दिसायला ओबडधोबड असल्याने लोकांनी नाके मुरडली, पण चाळीस वर्षांनी संगणकावर चालणारी यंत्रे, ठोकून घडवलेल्या नळ्या आणि साच्यातून काढलेले प्लास्टिकचे दस्ते आले, तेव्हा हाच विचार सर्वांनी उचलला. २०११ च्या अखेरीस रूगरने अमेरिकन नावाची रायफल ४४९ डॉलर छापील किमतीला आणली. पूर्वी बंदूक-कारागिराकडे नेऊन, जास्तीचे पैसे मोजून जी अचूकता मिळवावी लागे ती या रायफलीच्या खोक्यातच मिळू लागली. फिनलंडची टिक्का टी३ त्याआधीच, २००३ मध्ये, शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात बसतील अशी हमी देऊन अमेरिकेत शिरली होती.

याचा परिणाम असा की खालच्या किमतीत उत्तम माल आला, वरच्या किमतीत हौशी लोकांसाठी छोट्या कार्यशाळा उभ्या राहिल्या आणि मॉडेल ७००, मॉडेल ७० ज्या मधल्या पायरीवर उभ्या होत्या ती पायरीच निखळली.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण जुन्या कंपन्यांविषयी बोलताना गहिवर फार येतो. मॉडेल ७०० च्या मूळ चापात एक सुटी जोडपट्टी होती. तिच्या फटीत मळ किंवा कचरा अडकला तर चाप न ओढताही रायफल उडू शकते, अशा तक्रारी आणि दावे कित्येक दशके चालू राहिले. कंपनीने दोष कधी मान्य केला नाही. २००६ मध्ये तिने नव्या रचनेचा चाप आणला आणि एप्रिल २०१४ मध्ये तोही परत मागवावा लागला. न्यायालयातील तडजोडीनुसार अखेर लक्षावधी रायफलींचे चाप विनामूल्य बदलून देण्याची तयारी तिला दाखवावी लागली. याच काळात सॅव्हेजने गिऱ्हाइकाला स्वतः हलका-जड करता येईल असा, आणि धक्का बसला तरी न सुटणारा, चाप स्वस्त रायफलीत देऊन टाकला होता. ज्याला नावावर विश्वास ठेवायला सांगायचे त्यानेच विश्वासाला असा तडा द्यावा, हे कर्जापेक्षा महाग पडते.

रानवाट

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. सहाण यांचे विवेचन वाचून एक उपप्रश्न सुचतो. स्वस्त आणि चांगली रायफल आली हे मान्य, पण मग मागणी वाढायला हवी होती. शिकाऱ्यांची संख्या खरोखरच एवढी घटली आहे का?

पेनकर

मी अठरा वर्षे पेनसिल्व्हेनियात राहतो आणि दर वर्षी परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देण्याचे धाडस करतो.

संख्या घटली आहे. केंद्रीय मत्स्य आणि वन्यजीव विभागाच्या पाहणीत १९९१ मध्ये १ कोटी ४१ लाख शिकारी होते, तर २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख, आणि या पंचवीस वर्षांत देशाची लोकसंख्या बरीच वाढली. आमच्या राज्यात थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरमधल्या सणानंतरच्या सोमवारी रायफलीचा हंगाम उघडायचा आणि ग्रामीण भागात त्या दिवशी शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो, कारण कामावरून सोमवारची रजा मिळत नाही आणि मुलगा महाविद्यालयातून आलेला असतो तो रविवारी परत जातो.

तरीही संख्येपेक्षा मोठी अडचण मला वेगळीच दिसते. ज्यांनी मला शिकार शिकवली त्या शेजारच्या आजोबांकडे विंचेस्टर मॉडेल ९४ आहे, थर्टी-थर्टी काडतुसाची. ती त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वी घेतलेली. अशा सत्तर लाखांहून अधिक रायफली बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या कपाटात अजून चालू स्थितीत असाव्यात. हरणाचा शिकारी वर्षाला किती काडतुसे उडवतो? दुर्बीण जुळवायला तीन-चार आणि नशीब असेल तर हरणावर एक. या हिशेबाने नळी झिजायला दोन पिढ्याही पुरणार नाहीत. मोटार दहा वर्षांत बदलावी लागते, फोन तीन वर्षांत. रायफल मात्र मृत्युपत्रात लिहिली जाते. या कंपन्यांना सर्वात कडवी स्पर्धा कोणाची होती, तर आजोबांच्या काळात त्यांनीच विकलेल्या मालाची.

अशा बाजारात नवी वस्तू जुनीपेक्षा सरस असली तरच खपते. २०१२ साली मी एक नवी लिव्हर-अॅक्शन, म्हणजे चापाखालची लिव्हर चालवून काडतूस भरायची, रायफल घेतली. कंपनीचे नाव घेत नाही. मागची माशी एका बाजूला कललेली होती, लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट होती आणि लिव्हर तिसऱ्या काडतुसाला हमखास अडायची. ती आजोबांच्या रायफलीशेजारी ठेवली, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. फक्त माझ्याकडे पाहून चष्मा पुसत बसले.

ताळेबंद

पेनकर यांनी नाव घेतले नाही, मीही त्यांच्या रायफलीविषयी तर्क करत नाही. पण त्या वर्षांतील मार्लिनची स्थिती सार्वजनिकच आहे. रेमिंग्टनने मार्लिनचा कनेटिकटमधील नॉर्थ हेवनचा कारखाना २०११ पर्यंत बंद करून यंत्रे इतरत्र हलवली. जुनी झिजलेली यंत्रे कोणत्या जागी किती सरकवून चालवायची, हे ज्या कामगारांच्या हातांना ठाऊक होते ते मात्र मागेच राहिले. त्यानंतरच्या रायफलींना अमेरिकी शिकारी कुत्सितपणे ‘रेमलिन’ म्हणू लागले.

उलटतपास

चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु शीर्षकातील गृहीतकच मला मान्य नाही. ढासळल्या त्या दोन-तीन कंपन्या, धंदा ढासळलेला नाही. सॅव्हेज १९८८ मध्ये दिवाळखोर झाली, सगळा पसारा आवरून एकट्या मॉडेल ११० वर आली आणि त्याच एका रायफलीच्या जोरावर पुन्हा उभी राहिली. १९४९ ची रूगर शेअर बाजारात नोंदलेली असूनही मोठ्या कर्जापासून दूर राहिली. मॉसबर्ग १९१९ पासून एकाच कुटुंबाची आहे. म्हणजे हाच बाजार, हेच घटते शिकारी आणि हेच कपाटात पडून राहणारे आजोबांचे हत्यार असूनही या कंपन्या टिकल्या. पेनकर यांचे कारण सर्वांना सारखेच लागू होते, त्यामुळे एक बुडाला आणि दुसरा तरला याचा उलगडा त्यातून होत नाही.

एआर विषयीही थोडे. गंमत पाहा, कोल्टने तिची नागरी आवृत्ती बाजारात आणली ते वर्षही १९६४ च, म्हणजे विंचेस्टरने मॉडेल ७० चा पंजा काढला तेच. परंतु या रायफलीने हरणाच्या शिकाऱ्याला थेट पळवले असे म्हणता येत नाही. पेनकर यांच्याच राज्यात मोठ्या जनावरांच्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. तिने पळवले ते तरुण गिऱ्हाइकाचे पहिले हजार डॉलर आणि दुकानाच्या भिंतीवरची जागा. उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजानुसार अशा रायफली आता दोन कोटींच्या वर आहेत. फ्रीडम ग्रुपने या लाटेवर स्वार व्हायचे ठरवले आणि शिकारीच्या नावाखाली जमवलेली पत तेथे पणाला लावली. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० मुले आणि ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेले, ते बुशमास्टर रायफलीने. त्यानंतर सर्बेरसने समूह विकायला काढला, पण गिऱ्हाईक मिळाले नाही. पीडित कुटुंबांचा दावा फेब्रुवारी २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरवर मिटला. ती रक्कम विमा कंपन्यांनी भरली, कारण तोवर रेमिंग्टन नावाची जुनी कंपनी अस्तित्वातच नव्हती.

सहाण

उलटतपास यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्यांच्याच उदाहरणांत आहे. टिकलेल्या तिन्ही कंपन्यांना स्वस्त वस्तू बनवण्याची लाज कधी वाटली नाही. विल्यम रूगर यांनी १९६८ च्या मॉडेल ७७ मध्ये रिसीव्हर मेणाच्या नमुन्यावरून साचा करून ओतला, तेव्हा ओतीव पोलादाची रायफल म्हणून जाणकार हसले होते. विंचेस्टर आणि रेमिंग्टन यांना मात्र जुन्या नावाची किंमतही हवी होती आणि नव्या पद्धतीची काटकसरही. गिऱ्हाईक यांपैकी एकच गोष्ट देते. रेमिंग्टनने स्वस्त रायफल केली नाही असे नाही. केली, पण ती सॅव्हेजच्या नटाची नक्कल होती आणि फार उशिरा आली.

रानवाट

बराच उलगडा झाला. एक शेवटचे कुतूहल. विंचेस्टर मॉडेल ७० चे भाग आता बेल्जियमच्या एफएन समूहाकडून येतात आणि जोडणी पोर्तुगालमध्ये होते, मॉडेल ९४ जपानच्या मिरोकूकडे बनते, आणि मार्लिन उत्तर कॅरोलिनात रूगरच्या कारखान्यात. प्रत्यक्ष वापरणाऱ्या शिकाऱ्याला याचे काही वाटते का?

पेनकर

जपानी बनावटीच्या ९४ चे काम मी पाहिलेल्या कोणत्याही न्यू हेवनच्या रायफलीपेक्षा नीटस आहे. हे आजोबांना सांगितले तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन लिव्हर दोनदा चालवली, मान डोलावली आणि नळीवरचा ‘जपान’ हा शब्द वाचून ती परत दिली. रूगरने बनवलेली मार्लिन २०२१ च्या डिसेंबरपासून कारखान्यातून निघू लागली. ती मला दुकानात हाताळायला मिळाली तेव्हा लाकूड-लोखंडाचा सांधा नखाने चाचपून पाहिला. फट नव्हती. दुकानदार म्हणाला की माल येतो त्याच दिवशी संपतो. मी घेतली नाही. २०१२ ची माझी ती रायफल पुढे एका कारागिराने आठवडाभर घासूनपुसून सरळ करून दिली आहे, आणि आता ती अडत नाही.